अर्धं मिनिट

लेण्याच्या आतल्या खोलीत हातभरावरचंही धड दिसत नव्हतं. एवढ्या अंधारात फोटो काढायचा तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून अर्धं मिनिट त्याचा डोळा उघडा ठेवावा लागतो. दारातून झिरपणारा उजेड तो थेंबथेंब साठवत राहतो. समोरच्याने फक्त हलायचं नाही.

बाबा खांबाला टेकून बसले. जुन्या स्टुडिओत बसायचे तसे, गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून. मी बटण दाबलं आणि ते अर्धं मिनिट मला जाता जाईना. खिसे चाचपले, येरझाऱ्या घातल्या, त्यांच्यापर्यंत जाऊन "गारठा नाही ना लागत?" असं विचारूनही आलो. ते तसेच बसून राहिले.

फोटो सुरेख आला. मिशीचा केस न् केस, मागच्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव, सगळं स्पष्ट. त्यांच्यासमोरून दोनदा गेलेला मी तेवढा कुठेच नव्हतो. अंधारातल्या कॅमेऱ्याला थांबलेलंच दिसतं, जाणारं-येणारं तो धरतच नाही.

"बघा, मी आलोच नाही यात," मी हसत म्हणालो.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "घरी येतोस तेव्हाही असंच होतं," म्हणाले, आणि शेजारची जागा हाताने झाडू लागले.