तारीख उलटलेला पट्टा

“सर, पट्टा म्हणजे का दूध आहे नासायले?” पंकजने टेबलावर असा हात आपटला की माझा अर्धा चहा बशीत आला.

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये आमच्या मोटर क्लबची मीटिंग चालली होती. विषय एकच, रॅलीचा खर्च कमी कसा करायचा. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवून रिटायर झालेला मास्तर. क्लबमध्ये स्क्रुटिनियर, म्हणजे रॅलीच्या आधी गाड्या तपासणारा माणूस. मी नाही म्हटलं की गाडी ट्रेलरवर चढून घरी जाते. त्यामुळे त्या हॉलमध्ये माझ्यावर जीव टाकणारं कोणी नव्हतं. मला सवय आहे.

रॅलीत कच्च्या रस्त्यावर एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. आत दोघं बसतात. एक चालवतो, दुसरा वहीतून पुढचं वळण वाचून सांगतो. दोघांच्या खांद्यांवरून आणि कमरेवरून रुंद पट्टे येतात, त्यांना हार्नेस म्हणतात. गाडी उलटली तर माणसाला सीटवर धरून ठेवणारी तेवढीच वस्तू. तिच्यावर तारीख छापलेली असते. तारीख उलटली की पट्टा बाद, मग तो कितीही कोरा दिसो.

सगळ्यांना सारखे, साधे टायर, हे पटकन ठरलं. महागडे सस्पेन्शन बंद करायचे का, यावर घसे कोरडे झाले. ज्याच्याकडे जे नाही ते बंद करा, असा एकूण सूर. मग अध्यक्ष म्हणाले, “आपली रॅली लहान. पट्ट्यांची तारीख आपल्यापुरती पुढे ढकलू. नाहीतर यंदा निम्म्या गाड्या येणार नाहीत आणि रॅलीच बंद पडेल.”

ते काही खोटं बोलत नव्हते. पंकज काटोलचा, संत्र्याचा व्यापारी. वर्षातून एकच रॅली पळतो. बाजूच्या सीटवर त्याची बायको रश्मी वळणं वाचते. दोघांच्या पट्ट्यांची तारीख उलटली होती आणि नवे पट्टे या वर्षी त्याला झेपणारे नव्हते. मी हट्ट धरला तर तो घरी बसणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“होणार नाही,” मी म्हटलं.

“काहून नाही होणार? वापरलाच किती मी तो? गोदामात कपाटात ठेवून राहतो. तुमी तोडून दाखवा न, सर! तुटला तं माहा कान धरा.”

मी आमच्या उमरेडच्या कोष्ट्याचा पोरगा. घरात मागावर वाढलो. सूत उन्हात राहिलं की बाप अंगावर यायचा, “सुताचा जीव जाते रे!” पट्टासुद्धा शेवटी विणलेला धागाच. मला माझ्या ज्ञानाचा भारी ताठा. म्हटलं, चल, तोडूनच दाखवतो.

माझ्या जुन्या कॉलेजच्या लॅबमध्ये वस्तू ताणून तोडायचं मशीन आहे. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. पंकज, रश्मी, अध्यक्ष आणि मी. पंकजच्या गाडीतला, रश्मीच्या सीटचा पट्टा लावला. तुलनेला हवा म्हणून अध्यक्षांनी त्यांच्या गाडीतला पट्टा काढून आणला. त्याची तारीख अजून बाकी होती.

आधी पंकजचा. मशीनचा काटा चढत गेला. पट्टा काही तुटेना. नवा जेवढा ताण सोसतो त्याच्या आसपास गेल्यावर कुठे फाटला. पंकजने टाळ्या वाजवल्या. “पाहा बाप्पा! झाला का नाही पास?”

मी तोंडावर आपटलो होतो. सरळ सांगतो, फार झोंबलं.

मग अध्यक्षांचा लावला. त्याच्या निम्म्या ताणालाही पोचला नाही, टर्रकन फाटला. अध्यक्षांची गाडी वर्षभर अंगणात उघड्यावर उभी असते. आपल्या नागपूरचं मे महिन्याचं ऊन, वर काचबंद गाडी. तारीख चांगली होती, धागा मेला होता. अध्यक्ष तो तुकडा हातात घेऊन स्टुलावर बसले. मागच्या रॅलीत ते हाच पट्टा बांधून पळाले होते.

“म्हंजे तारखेचा काही उपयोग नाही,” पंकज म्हणाला.

“मग कशानं ओळखू? डोळ्यांनी दोन्ही सारखे दिसत होते. तोडल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर पट्टा उरत नाही. म्हणून तारीख. अडाणी नियम आहे, पण दुसरा आहे का तुझ्याकडे?”

रश्मी नवऱ्याला म्हणाली, “ते जाऊ द्या. आपला तं तुटला. आता मी का ओढणी बांधून बसू?”

खरंच की! पास झालेला पट्टा फाटून खाली पडला होता. पंकजचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हट्ट दोघांचा, घरी बसणार तो एकटा.

घरी येताना मला आमच्या तपासणी-तंबूमागचा कारभार आठवला. तपासणीत एक गाडी पास झाली की तिचं आग विझवायचं सिलिंडर, हेल्मेट, पट्टे गुपचूप मागून पुढच्या गाडीत जातात. एकदा पोचा पडलेलं एकच सिलिंडर मला एकामागून एक गाड्यांत दिसलं, तेव्हा मी अख्ख्या तंबूला शिव्या घातल्या होत्या. पण ही उसनवारी चोरून कशाला? उघड करू.

पुढच्या मीटिंगमध्ये तेच मांडलं. पट्टे क्लबने विकत घ्यायचे. क्लबच्याच कपाटात, अंधारात ठेवायचे. रॅलीच्या सकाळी द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे. वर्षातून एकदा पळणाऱ्याने स्वतःचा पट्टा घ्यायचंच कारण नाही. तारीख मात्र हलणार नाही. अध्यक्षांनी सगळ्यांत आधी हात वर केला.

रॅली खाप्याच्या पलीकडे, कन्हान नदीच्या बाजूच्या मुरमाड रस्त्यांवर होती. सकाळी पंकजला मीच पट्टे दिले, मीच ओढून पाहिले. दुपारी वॉकीटॉकीवर आवाज आला, गाडी उलटली. नंबर पंकजचा. मी तिकडे धावत सुटलो. तारीख, नियम, काही डोक्यात नव्हतं. नुसतं देवा, देवा चाललं होतं.

गाडी शेतात चाकं वर करून पडली होती. आत दोघं पट्ट्यांना उलटे लोंबकळत होते.

“सर, आधी मले काढा,” रश्मीचा आवाज आला. “हे अजून विचारून राहिले, पुढचं वळण कोणतं म्हणून!”

दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. मी बांधावर बसलो आणि म्हातारा माणूस चारचौघांत रडलो. कोणी काय म्हणायचं ते म्हणो.

संध्याकाळी पंकज पट्टे घेऊन जमा करायला आला. झटकून, घडी घालून आणले होते. मी खिशातून कात्री काढली आणि पट्टा मधोमध कापायला घेतला. अपघाताचा झटका खाल्लेला पट्टा पुन्हा वापरत नाहीत. कोणी उचलून बांधू नये म्हणून कापूनच टाकतात.

पंकज ओरडला, “अहो सर! काहून कापून राहिले? नवा आहे! अजून तारीख बाकी आहे न त्याची!”

 रश्मीने दुसरा पट्टा, तिचा, स्वतःच माझ्यापुढे धरला.

खर्च कमी करायला माझी कधीच ना नाही. पण वस्तू वाटून वापरावी, मेलेली जिवंत समजून वापरू नये. आणि क्लबच्या कपाटात एक चांगली कात्री ठेवावी. माझी त्या दिवशी बोथट निघाली.