पूजेतला पाना
आज गॅरेजमध्ये हत्यारांपुढे झेंडू मांडले आणि ग्रीसमध्ये मिसळलेला त्यांचा उग्र वास आला. हात तिथेच थबकला.

वीसेक वर्षांपूर्वी चारकोपच्या गाळ्यात मी आणि माझा पार्टनर विलास एका जुन्या, लाल, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग पुन्हा जोडत होतो. चाकांच्या बाजूने दोरी ताणून अलाइनमेंट केसभरही फरक न ठेवता जुळवली. उरला फक्त स्टिअरिंगच्या मधला नट. तो मी हातानेच जेमतेम एक आटा फिरवून ठेवला, कारण खंडेनवमी होती आणि तोवर सगळे पाने पूजेला लागले होते.

"आवळून टाक ना रे," विलास म्हणाला.

"पूजेतल्या हत्याराला हात नाही लावायचा. उद्या बघू."

दसऱ्याच्या सकाळी गाडीला हार घातला. विलास नारळ घेऊन पुढे उभा राहिला आणि गाडी लिंबावरून न्यायला मी बसलो. नट साफ विसरलो होतो. गाडी हलली. पुढचं नीट दिसावं म्हणून स्टिअरिंगला धरून जरा उठलो, तर ते अख्खं माझ्या हातात! ते छातीशी धरून मी नुसता बघत राहिलो. ब्रेक नावाची काही वस्तू असते, हेच आठवेना. विलासही जागचा हलेना. पाय कधी दाबला गेला, देव जाणे. गाडी थांबली तेव्हा हार त्याच्या गुडघ्यांना टेकला होता.

"अरे, ते घेऊन कुठे चाललास?" एवढंच तो बोलला.

पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा हसत सांगायचो. आता सांगताना ते गुडघे दिसतात.

आजही सगळे पाने पूजेला लावलेत. एक सोडून. तो माझ्या खिशात आहे.