धूर येत नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण परवाच्या कार्यक्रमानं माझं डोकं फिरलंय.

आमची शाळा केडगावजवळ. परवा एका कंपनीनं वर्गावर्गात हवा मोजायची यंत्रं बसवून दिली. हवा कोंडली की आकडा लाल होतो. मी विज्ञानाचा शिक्षक, म्हणून ‘वर्गातली खेळती हवा’ या विषयावर बोलायला मलाच उभं केलं. बोललोही — अगदी झकास! टाळ्या पडल्या. माणसानं किती निगरगट्ट असावं, याला काही सुमार?

शाळेच्या मागं गुऱ्हाळ आहे. पंधराएक वर्षांपूर्वी तिथं चिपाडं ओली निघाली की भट्टीत जुन्या चपला, टायर, काय वाट्टेल ते जायचं आणि काळा धूर थेट आठवीच्या वर्गात. गुऱ्हाळ कुणाचं? शाळा समितीच्या अध्यक्षांचं, आप्पांचं. आप्पा दर हंगामात आम्हा शिक्षकांच्या घरी गुळाची ढेप पाठवायचे. आम्ही ती खायचो.

धुराची ओरड झाली तेव्हा आप्पांनी काय करावं? भट्टीला हात लावला नाही. वर्गाच्या खिडक्यांनाच पक्क्या काचा ठोकून दिल्या, उघडणारच नाहीत अशा! आणि आम्ही काय करावं? त्यांना शाल-श्रीफळ दिलं. सूत्रसंचालन माझंच.

मग काय — वर्गभर पोरं कोंडलेली, पंखा तीच हवा गरागरा फिरवतोय, आणि धूर फटीतून यायचा तो येतोच. दुपारी निम्मा वर्ग पेंगायचा. त्याच वर्गात मी श्वसनसंस्था शिकवली. मधूनच फोन आल्याचं सोंग करून व्हरांड्यात जायचो, श्वास घ्यायला. म्हणजे मला कळत होतं ना? नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं उघडलं नाही.

उघडलं, तेही एकदाच. तेच सांगायचंय.

रेश्मा आठवीत होती. तिला दम लागायचा. तिचे वडील हमीदभाई मंडपवाले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पालकसभेत ते उठले. आप्पा समोरच बसलेले.

“आप्पा, पोरगी म्हंती वर्गात धूर येतो. मला वाटलं, थापा मारती. तर म्हंती, सरांना इचारा. सर खोटं बोलायचे न्हाईत.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आप्पांनी डोळे वटारले? छे. ते तर हसत होते. मी कायम नोकरीतला माणूस, माझं कोण काय वाकडं करणार होतं? मग भ्यालो कशाला — ढेपेला? अजून सांगता येत नाही.

मी म्हणालो, “धूर येत नाही. अभ्यास नको असला की मुलांना काहीही होतं.”

दुसरं वाक्य तर कुणी विचारलंही नव्हतं.

हमीदभाईंनी आप्पांपुढं हात जोडले. दारात उभ्या रेश्माला पुढं बोलावून माफी मागायला लावली. आप्पांची, आणि माझीही. “चुकलं, सर,” ती म्हणाली. आणि मी मान डोलावली!

पुढं दहावीपर्यंत ती माझ्याच तासाला बसायची. खोकला आला की ओढणीत तोंड खुपसायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू यायचं.

परवाच्या कार्यक्रमाचा मंडप हमीदभाईंचाच होता. आता थकलेत. माझं भाषण त्यांनी मागं खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकलं आणि मग मुद्दाम जवळ आले.

“सर, लई चांगलं सांगितलं. रेश्माला फोन करून सांगतो, तुमचे सर अजून तसंच हायेत.”

मी म्हणालो, “सांगा.”