शेजारच्या सीटचा ब्रेक

शहरातली निम्मी माणसं ब्रेकमास्तरांकडे गाडी शिकली आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्या धाकाने शिकायचा नादच सोडला, असं लोक गमतीने म्हणत. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गांगरला तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा. मास्तर तो शिकणारा गांगरायच्या आधीच दाबत. रस्त्यात मांजर दिसलं की दाबत, मांजर असेल असं वाटलं तरी दाबत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसांना गाडी उत्तम येई, पण मानेचं दुखणंही सोबत येई.

अख्खी हयात त्या पेडलवर पाय ठेवून काढल्यामुळे तो पाय मास्तरांच्या ताब्यात राहिलाच नव्हता. न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत, डॉक्टरांच्या बाकावर तो आपला दाबतच असे. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला की समोरच्या टीपॉयला लाथ बसे. टीपॉयचा एक पाय लंगडा झाला तो त्यामुळेच, सुतार बिचारा उगाच शिव्या खाऊन गेला.

त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिने कोणाला काही शिकवलं नव्हतं. ती एका मोठ्या प्रयोगशाळेची विजेवरची छोटी व्हॅन चालवायची. दवाखान्यादवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि त्या हिंदकळू न देता वेळेत पोहोचवायच्या, हे तिचं काम. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मात्र नवरा शेजारी बसलेला असताना तिने इतक्या वर्षांत एकदाही गाडी चालवली नव्हती. लग्नानंतर मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी भर चौकात ती अगदी बरोबर वळण घेत असताना त्यांनी ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली, चारी बाजूंनी भोंगे वाजले, भाजीवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळे हसले. ती दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी परीक्षा पास झाली आणि म्हणाली, "आता तुमच्या शेजारी बसून मी गाडी चालवायची नाही." मास्तरांना वाटलं, राग आहे, निवळेल. राग निवळला, पण शब्द तसाच राहिला. दोघं कुठे जायची तेव्हा मास्तर चालवत आणि ती खिडकीबाहेर बघत बसे. तसा त्यांचा संसार बरा चालला होता.

घोडं अडलं ते मास्तरांच्या डोळ्यांवर. काचबिंदूने कडेची नजर हळूहळू खाल्ली. समोरचं लख्ख दिसे, पण बाजूने येणारं काही दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्वतः त्यांच्याकडेच गाडी शिकल्या होत्या. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "मास्तर, आता गाडी बंद." मास्तरांनी शाळा आणि शिकाऊ गाडी पुतण्याच्या हवाली केली आणि घरात बसले. बसले म्हणजे येरझाऱ्या घालू लागले.

त्यातच लेकीचा फोन आला. ती पठाराच्या पलीकडे राहत होती आणि तिला सातवा महिना लागला होता. आईवडिलांनी बाळंतपणासाठी येऊन राहावं, असं तिचं म्हणणं. तिथे जायला धड आगगाडी नाही. बस आहे ती हाडं खिळखिळी करणारी. मास्तरीणबाईने वर्षानुवर्षं केलं नाही ते केलं. म्हणाली, "मी चालवेन. पण गाडी विजेची हवी, मला तिचाच सराव आहे."

शहरात मिळणाऱ्या विजेच्या गाड्या पठार चढेपर्यंतच धापा टाकत. त्यामुळे परदेशातून गाड्या मागवून देणाऱ्या माणसाकडे जाणं आलं. त्याला आयातशेठ म्हणत. बंदराजवळ त्याचं पत्र्याचं कुंपण घातलेलं आवार होतं. तिथे दाखवायला म्हणून दोन सेडान उभ्या होत्या, एक पांढरी आणि एक करडी. दोन्ही लांब पल्ल्याच्या. ज्या गाडीला ग्राहक हो म्हणेल तिची नवी गाडी जहाजाने यायची, आणि एकदा नोंदवली की परत घेणं नाही.

मास्तरांची झोप उडाली. लेकीचं घर साडेचारशे किलोमीटर. पांढरीचा पल्ला कागदावर पावणेसातशे, करडीचा साडेपाचशे. मास्तर कागदाला भुलणारे नव्हते. चढ, थंडी, आतला हीटर, सामान, सगळं वजा करत गेलं की पांढरी एका दमात पोहोचत होती आणि करडी पठाराच्या मध्यावर मान टाकत होती. तिथे एका धाब्यामागे एकच चार्जर, तोही सुरू असला तर नशीब. तोवर आठव्या महिन्यात गेलेली लेक तिकडे वाट बघत असताना आपण धाब्यामागे चहा पीत बसायचं, हे चित्र मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग पांढरी घ्यावी की नाही? कोणीही म्हणेल घ्यावी. पण करडी तिच्या देशात ड्रायव्हिंग शाळांनाही विकली जाई, आणि तिला शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक कंपनीच बसवून देत होती. पांढरीला तो बसत नव्हता. खाली सपाट जमीन, जमिनीखाली बॅटरी. "भोक पाडायचं नाव काढू नका मास्तर," आयातशेठने हात जोडले, "बॅटरीला धक्का लागला तर मी, तुम्ही आणि हे आवार, तिन्ही एकदम वर जाऊ."

ब्रेक हवाय हे मास्तर घरात बोलले नाहीत. ते पांढरीची नालस्ती करत राहिले. पडद्यावरची भाषा परकी आहे, रंग मळेल, दाराच्या मुठी आत जातात, थंडीत अडकल्या तर बाहेर काढायच्या कशा? मास्तरीणबाई कणीक मळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि करडीत काय आहे?"

"करडी सुरक्षित आहे."

"कोणासाठी?"

टेबलाखाली मास्तरांचा पाय दाबत होता.

लेकीलाही फोनवर सगळं कळलं. आईने सांगितलं असणार, नाहीतर तिने ओळखलं असणार. लहानपणी सायकल शिकताना बाबा मागून सीट सोडतच नव्हते, हे ती विसरली नव्हती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही जमलं तर राहू दे. आई एकटी आली तरी चालेल."

हे वाक्य मास्तरांच्या काळजात रुतलं. ज्या पोरीला पहिल्यांदा हातात घेताना त्यांचा पायसुद्धा गप्प राहिला होता, तिच्या बाळाच्या वेळी आपण टीपॉयसमोर बसून असू, हे त्यांना सहन होईना. जेवण जाईना. सकाळी उठून ते पांढरी म्हणत, आंघोळ होईपर्यंत करडी म्हणत. आयातशेठला फोन लावत आणि त्याने उचलायच्या आत ठेवत. मास्तरीणबाईने एकदाचं सांगितलं, "चला. मी दोन्ही चालवून बघते. तुम्ही शेजारी बसा. बघू जमतं का."

इतक्या वर्षांनी ती त्यांना शेजारी बसवत होती. मास्तरांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला.

आधी पांढरी. आवारातून ती बाहेर पडली ती आवाज न करता, म्हणजे मास्तरांना घाबरायला आणखी एक कारण मिळालं. बंदराचा रस्ता मालट्रकांनी भरलेला. मास्तरांचा पाय सपाट जमिनीवर दाबत होता आणि काहीच होत नव्हतं. त्यांना घाम फुटला. मास्तरीणबाई मात्र आपल्या व्हॅनमध्ये असल्यासारखी निवांत, दोन्ही आरशांत बघून गाडी नेत होती. वखारीपाशी वळण आलं. पलीकडून एक ट्रक येत होता, जागा भरपूर होती आणि तिने तो केव्हाच बघितला होता. मास्तरांना तो शेवटच्या क्षणी दिसला, कारण तो कडेने आला.

"ब्रेक!" ते ओरडले. पाय जमिनीवर आपटला. आणि दोघांच्या मधल्या कप्प्यावर हातब्रेकचं बटण होतं, ते त्यांनी ओढून धरलं.

गाडी जागच्या जागी खिळली. पट्टे छातीत रुतले. गाडीच्या पडद्यातून बोलणारी बाई परक्या भाषेत काहीतरी रागाने बोलली. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला, मग त्याच्या मागच्याने. वखारीतले हमाल बघू लागले आणि त्यातला एक हसला.

मास्तरांना तो जुना चौक आठवला. तिलाही आठवला असणार. आता ती दार उघडणार, हे त्यांना ठाऊक होतं. तिने दाराला हात लावला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत म्हणाली, "या वेळी मी नाही उतरणार. तुम्ही उतरा."

"अगं, तो ट्रक..."

"ट्रक मला दिसला होता. उतरा."

मास्तर उतरले. पांढरी गाडी त्यांना सोडून निघून गेली आणि ते कुंपणाच्या कडेकडेने आवाराकडे चालत आले. चालताना त्यांच्या लक्षात आलं, त्या वेळी तीही अशीच चालली असेल, आणि तेव्हा ती जेमतेम विशीची होती, आणि लोक हसत होते. आपण संध्याकाळी घरी जाऊन तिला क्लच सोडायची पद्धत समजावली होती. माफी मागितली नव्हती. त्यांना आपलीच भयंकर लाज वाटली.

आयातशेठ चहा घेऊन आला. "करडी काढू का? जादा ब्रेक येईल तिला. फॅक्टरीतूनच."

मास्तर करडीत जाऊन बसले. नमुन्याच्या गाडीला ब्रेक बसवलेलाच होता. पायाला ते ओळखीचं रबर लागलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच बसून राहिले. ब्रेक दाबला, सोडला, दाबला. जिवाला इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यात त्यांना स्वच्छ कळलं की ही गाडी घेतली तर मास्तरीणबाई ती चालवणार नाही. धाब्यामागचा चार्जर सुरू असो की बंद, ही गाडी पठारापर्यंत पोहोचणारच नाही.

पांढरी फिरून परत आली. मास्तरीणबाईचा चेहरा लाल झाला होता, पण रागाने नव्हे. ती लांबवर जाऊन आली होती. करडीत बसलेल्या नवऱ्याकडे आणि त्याच्या पायाकडे तिने एकदा बघितलं.

मास्तर बाहेर आले. आयातशेठला म्हणाले, "पांढरी नोंदवा."

"ब्रेकचं काय मास्तर?"

"ब्रेक चालवणाऱ्याकडे आहे."

मग बायकोकडे न बघता, बुटाच्या टोकाकडे बघत ते म्हणाले, "त्या चौकात तुझं काही चुकलं नव्हतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "तरी बरं झालं बोललात."

जहाज आलं, गाडी आली, निघायची सकाळ आली. सामान भरून झाल्यावर मास्तरांनी मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. शिकाऊ गाडीत ज्याचा नंबर यायचा असतो तो मागे बसून बघतो. त्या जागी ते आयुष्यात कधी बसले नव्हते. मास्तरीणबाई आरशात बघून फक्त "बरं" म्हणाली.

चढ संपला, पठार लागलं. धाबा आला. चार्जरवर पोतं बांधलेलं होतं, म्हणजे तो बंदच. पांढरी त्याच्यापुढून न थांबता गेली आणि मास्तरांनी मागे वळून त्या पोत्याकडे नीट बघून घेतलं. थोडं पुढे, ओसाड रस्त्याच्या कडेला मास्तरीणबाईने गाडी थांबवली.

"काय झालं?" मास्तर दचकले. "बॅटरी?"

"बॅटरी भरपूर आहे. पुढे या."

"नको. मागे बरा आहे मी. माझा पाय..."

"दाबा हवा तेवढा. खाली काही नाही. हात मात्र मांडीवर."

मास्तर पुढे आले. पट्टा लावला. हात मांडीखाली घातले, म्हणजे प्रश्नच नको. गाडी निघाली आणि पाय लगेच कामाला लागला. वळणावर दाबला, पुलावर दाबला, समोरून बस आली तेव्हा दाबला. सपाट जमीन गप्प राहिली आणि मास्तरही गप्प राहिले. तिच्या बाजूने बघायला गेलं तर ते गप्प राहणंच मोठं होतं.

उतार लागला तेव्हा डाव्या अंगाच्या झुडपांतून एक गाय रस्त्यावर आली. मास्तरांना ती दिसली, कारण या वेळी ती नेमकी त्यांच्या समोर आली. पाय जमिनीवर घट्ट रोवला गेला. तोंडातून शब्द निघाला नाही. हात मांडीखालीच होते.

आणि गाडी थांबली. न हिंदकळता, रक्ताच्या नळ्या मागे असाव्यात तशी, पण अगदी तिथे, जिथे मास्तरांनी ती थांबवली असती. एक वीतही पुढे नाही, एक वीतही मागे नाही. मास्तरांनी खाली बघितलं. मग तिच्या पायाकडे बघितलं. हे थांबणं त्यांच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या त्या दिवसांत त्यांनीच ते तिला शिकवलं होतं. ती ते स्वतः करून दाखवते की नाही, याची मात्र त्यांनी कधी वाटच बघितली नव्हती.

गाय सावकाश पलीकडे गेली.

"तुम्हीही दाबला ना आत्ता?" तिने विचारलं.

"दाबला."

"कधी?"

"तू दाबलास तेव्हाच."

तिने मान हलवली आणि गाडी पुढे काढली. मास्तरांनी मांडीखालचे हात बाहेर काढले, लेकीला फोन लावला आणि सांगितलं, "दोघं येतोय. पाणी तापत ठेव."