झूटरमेरची टानी

टानी वाटेत दिसलेल्या प्रत्येक बाकावर बसायची. दमली म्हणून नव्हे. साठी ओलांडली होती, तरी चालण्यात ती मला सहज मागे टाकायची. बाक आला की थांबायची, हातमोज्यानं त्यावरचं पाणी निपटायची, मिनिटभर ताठ बसायची आणि ‘चला’ म्हणून उठायची. नेदरलँड्समधल्या झूटरमेरमध्ये आमच्या घराजवळच्या तळ्याभोवती अकरा बाक आहेत. म्हणजे एका फेरीत हे अकरा वेळा.

मला वाटलं, हिचे गुडघे दुखत असतील. एकदा विचारलं, तर ती हसली. “गुडघे ठणठणीत आहेत. माझ्या लहानपणी दक्षिण आफ्रिकेत आमच्या गावात बाकांवर पाट्या असायच्या, फक्त गोऱ्यांसाठी. आई बाजारातून ओझं घेऊन यायची, पाय सुजलेले असायचे, पण टेकायची सोय नव्हती. आता मी एकही बाक सोडत नाही.”

मी तिला सांगितलं, माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. तिनं बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला आणि म्हणाली, “मग तूही बस.”

टानी हे काही तिचं नाव नव्हे. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स बोलणारी माणसं मोठ्या वयाच्या बाईला टानी म्हणतात. आपण मावशी म्हणतो तसं. पुरुष असेल तर ऊम, म्हणजे काका. तिचं खरं नाव मला सहा महिन्यांनी तिच्या टपालपेटीवर दिसलं आणि कुणा तिसऱ्याच बाईचं असावं असं वाटलं. ती आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, औषधं देणं हे तिचं काम होतं.

मी नागपूरहून फेब्रुवारीत एकटीच आले होते. ऑफिस आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइकला. मिलिंद आणि आमची सात वर्षांची आरोही एप्रिलमध्ये यायचे ठरले होते. मार्चमध्ये करोनामुळे सगळं बंद झालं. ऑफिस घरी आलं, व्हिसाचं केंद्र बंद, विमानं बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एक टेबल, एक खुर्ची, एक गादी आणि मी. बाकीचं सामान मिलिंद आल्यावर घेऊ म्हणून ठेवलं होतं.

एका रविवारी सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले, तर टानी आपल्या दारात उभी होती. तोवर आमची ओळख नुसती मान हलवण्यापुरती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “शेवटचं कुणाशी बोललीस? स्क्रीनवर नव्हे. माणसाशी.”

मी बोटांवर दिवस मोजायला लागले आणि बोटं संपली.

“बूट घाल,” ती म्हणाली.

दीड मीटर अंतर ठेवून आम्ही तळ्याकडे निघालो. पहिल्या वळणावरच मला रडू फुटलं. मी थांबले, तशी ती मागे वळून ओरडली, “रड, माय किंट, भरपूर रड. पण चालता चालता. उभं राहून रडलं की थंडी भरते.” माय किंट म्हणजे माझ्या पोरी. पूर्ण फेरी मी रडत चालले आणि ती शेजारून, कुठल्या बाकाची फळी मोडली आहे आणि नगरपालिकेला तिनं किती पत्रं लिहिली आहेत, ते सांगत राहिली.

तिच्या स्वयंपाकघरात एक मोठं भिंतीवरचं कॅलेंडर होतं. झूटरमेर आणि आसपास दक्षिण आफ्रिकेची चाळीसेक माणसं राहायची. पूर्वी महिन्यातून एकदा ती सगळी तळ्याकाठी जमून शेगडीवर मांस भाजायची, तासन्‌तास गप्पा मारायची. ते बंद झालं, तेव्हा टानीनं कॅलेंडर काढलं आणि रोजच्या चौकोनात एकेक नाव लिहिलं. ज्याचं नाव, त्यानं त्या दिवशी तिच्याबरोबर तळ्याला एक फेरी मारायची. “आग एकत्र पेटवता येत नाही. पाय तर आहेत ना जागेवर?” असं तिचं म्हणणं. कुणी ‘आज मूड नाही’ म्हटलं, तर ती त्याच्या खिडकीखाली उभी राहून त्याच्या नावानं हाका मारायची. शेजारचे डच लोक बाहेर डोकावले की तो माणूस निमूट खाली यायचा.

दुसऱ्याच दिवशी तिनं गुरुवारच्या चौकोनात माझं नाव घातलं. मी म्हटलं, “पण मी तुमच्यातली नाही.”

“विमान तुझंही बंद आहे,” ती म्हणाली. “चालेल.”

केअर होममध्ये तिला सलग पाळ्या करायची वेळ आली, तेव्हा तिनं माणसांच्या जोड्या लावल्या. ऊम पीट नावाचा निवृत्त प्लंबर होता. गोरा, विधुर, तुटक बोलणारा. आणि लेराटो नावाची जोहान्सबर्गची काळी तरुण शिक्षिका होती. लायडनच्या तिच्या शाळेनं तिचा करार पुढे वाढवला नव्हता. ही दोघं इतकी वर्षं एकाच तळ्याकाठी जेवली, पण दोन टोकांना बसून. टानीनं मुद्दाम त्यांची नावं एका चौकोनात लिहिली. लेराटो मला नंतर सांगायची, पहिली फेरी दोघं एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मक्याच्या पिठाची उकड घट्ट हवी की पातळ, यावरून त्यांचं असं जुंपलं की फेरी संपली तरी भांडण संपेना, म्हणून त्यांनी आणखी एक फेरी मारली. टानीला हे कळल्यावर ती म्हणाली, “मला मैत्री नको होती. आवाज हवा होता.”

तिची भाषा डच माणसांना अर्धीमुर्धी कळायची आणि लहान मुलाच्या बोलण्यासारखी गोड वाटायची. याचा तिला भयंकर राग. “मी तक्रार करायला जाते आणि हे म्हणतात, किती गोड! राग गोड कसा असेल?” तरीही ती डच शुद्ध करून बोलली नाही. “त्यांनीच कान थोडे पुढे करावेत,” म्हणायची.

अखेर सात महिन्यांनी मिलिंद आणि आरोही आले. दहा दिवस त्यांना घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. टानी रोज कामावरून येताना आमच्या बाल्कनीखाली थांबायची आणि आरोहीला वर बघून डचमधल्या रंगांची नावं ओरडून विचारायची. आरोही वरून उत्तरं ओरडायची. शाळेत गेली तेव्हा बाईंनी आम्हाला कळवलं की मुलगी हुशार आहे, पण फार मोठ्यानं बोलते.

त्या हिवाळ्यात पुन्हा सगळं आवळलं गेलं. बाहेरसुद्धा दोघांनीच भेटायचं असा नियम आला. दक्षिण आफ्रिकेत विषाणूचा नवा प्रकार सापडला म्हणून तिकडची विमानं बंद झाली. आणि जानेवारीत टानीचा मोठा भाऊ गेला.

ती त्याला बूटी म्हणायची. बूटी म्हणजे दादा. तिकडे केप प्रांतात लहानशा गावात तो आणि त्यांची धाकटी बहीण एकत्र राहत होते. आठ दिवस ऑक्सिजनवर होता. टानीनं जाण्यासाठी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. दूतावासाला फोन, दुसऱ्या देशातून फिरून जायची चौकशी. काही जमलं नाही. दफनाला मोजकी माणसं, आणि टानीला ते फोनवर बघायचं होतं. तिच्या घरी एका वेळी एकाच पाहुण्याला जाता येत होतं, म्हणून लेराटो तिच्याजवळ जाऊन बसली.

आदल्या दिवशी मी ऊम पीटला फोन केला होता. “उद्या तिला एकटीला फिरू द्यायचं नाही,” मी म्हटलं. “पण नियम दोघांचा आहे.”

 त्यानं विचारलं, “बाक किती आहेत?”

दुसऱ्या दिवशी दुपारी दफन आटोपल्यावर लेराटोनं टानीला बूट घालायला लावले आणि बाहेर आणलं. पहिल्या बाकापाशी एक माणूस उभा होता. लेराटो तिथे थांबली, तो टानीबरोबर पुढे निघाला. दुसऱ्या बाकाशी आणखी एक बाई उभी होती. तिथे तो थांबला, ती निघाली. असं अकरा बाकांवर. कुठेही दोघांपेक्षा जास्त माणसं एकत्र चालली नाहीत. मी शेवटच्या बाकाशी होते, आणि पाण्यापलीकडून मला सगळं दिसत होतं. लाल कोटातली टानी आणि तिच्या शेजारी दर थोड्या वेळानं बदलणारी एक आकृती. सायकलवरून एक पोलीस आला. प्रत्येक बाकाशी एकेक माणूस का उभं आहे, ते त्यानं मला विचारलं. मी सांगितलं. त्यानं समोर पाहिलं, मग सायकलवरून उतरून ती हातात धरून सावकाश चालत गेला.

त्या दिवशी टानी एकाही बाकावर बसत नव्हती. सहाव्या बाकाशी ऊम पीट होता. तो तिला काहीतरी म्हणाला. ती नाही म्हणून मान हलवत राहिली. मग त्यानं आपला मफलर काढून ओला बाक पुसला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. तेव्हा ती बसली. खूप वेळ बसली. पुढचे आम्ही सगळे आपापल्या जागी गारठत राहिलो, पण कुणी हललं नाही.

माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र स्वच्छ होता. “बूटी नऊ वर्षांचा असताना मुद्दाम गोऱ्यांच्या बाकावर जाऊन बसला होता,” ती म्हणाली. “पोलिसानं कान धरून उठवला. घरी आल्यावर आईनं त्याला मारलं. आणि मग त्याच्यासाठी खीर केली.” आम्ही घरापर्यंत चालत आलो. दारात तिनं विचारलं, “उद्या कॅलेंडरवर कुणाचं नाव आहे?” मी म्हटलं, “उद्या राहू दे.” ती म्हणाली, “राहू दे म्हणण्याआधी ज्याचं नाव आहे त्याला विचारलंस का?” आणि दुसऱ्या दिवशी ती फेरीला गेली.

त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा एक नवा प्रकार तिच्या देशातल्या शास्त्रज्ञांनी ओळखला आणि पुन्हा विमानं थांबली. दुकानात रांगेत तिची बोली ऐकून माणसं पाऊलभर मागे सरकायची. केअर होममध्ये एका म्हाताऱ्यानं तिला खोलीत येऊ दिलं नाही. मी चिडले, पण ती माझ्यावरच डाफरली. “आग लागली म्हणून ज्यानं पहिली हाक मारली, त्यालाच घरात कोंडायचं? हे मी विमानं थांबवणाऱ्या मोठ्या साहेबांना विचारीन. त्या म्हाताऱ्याला घाबरायची सवय लागलीय, त्याला नाही विचारणार.” ती रोज त्याचा चहा दाराबाहेर ठेवायची आणि दार वाजवून निघून यायची. त्याचं मन वळलं का, असं मी काही आठवड्यांनी विचारलं. “नाही,” ती म्हणाली. “पण चहा गरम मिळाला त्याला.”

पुढच्या वसंतात वाटा मोकळ्या झाल्या आणि टानीनं परत जायचं ठरवलं. बहीण एकटी पडली होती. आम्ही सगळ्यांनी तिला थोपवून पाहिलं, ऊम पीटनं सर्वांत जास्त. ती शांतपणे खोकी भरत राहिली. कॅलेंडर तिनं लेराटोकडे दिलं. लेराटोला तोवर झूटरमेरमध्येच नवी शाळा मिळाली होती.

तिकडे पोचल्यावर आठवड्याभरानं तिचा व्हिडिओ कॉल आला. ठरवून आम्ही सगळे ऊम पीटच्या घरी जमलो होतो. ती टेकडीवरच्या दफनभूमीत उभी होती. केस उडत होते, शब्द तुटत होते. तिनं फोन वळवला. साधा करडा दगड, त्यावर नाव, बाजूला नुकतंच उपटलेलं गवत. “उशीर झाला, बूटी,” ती त्या दगडाला म्हणाली, “पण आले.” मग आम्हाला म्हणाली, “आता आपापली नावं सांगा. त्याला मी सांगितलंय, तिकडे माझी माणसं आहेत म्हणून.”

ऊम पीटनं पूर्ण नाव सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं. लेराटोनं सांगितलं. मी सांगितलं, मिलिंदनं सांगितलं. मागून आरोही पुढे घुसली आणि लाजून हळूच आपलं नाव पुटपुटली.

“मोठ्यानं, माय किंट,” टानी ओरडली. “इथे वारा फार आहे.”