देवाला पोचणारी बॅटरी

शोरूमच्या टेबलावर माहितीपत्रक पसरलेलं होतं आणि आमच्या ह्यांचं बोट तासभर त्यातल्या दोन रकान्यांमध्ये येरझाऱ्या घालत होतं. एक मोटर की दोन? लहान बॅटरी की मोठी? आमची रोपवाटिका आहे. या इलेक्ट्रिक पिकअपमधून जाणार काय, तर जास्वंदीच्या कुंड्या आणि खताची पोती, तीही तळेगावहून पुण्यापर्यंत. लहान बॅटरीवर आरामात जाऊन येता येईल, असं विक्रेत्यानं तीनदा सांगितलं.

"आणि कुलदैवताला जायचं झालं तर?" ह्यांनी विचारलं.

मी कपाळाला हात लावला. लहानपणी आमचे गणवेश वाढत्या अंगाचे शिवायचे. ते नीट बसू लागेपर्यंत कोपरावर विरलेले असायचे. ती खोड काही जात नाही. घरात माणसं चार आणि कुकर वीस जणांचा. न येणाऱ्या पाहुण्यांसाठी माळ्यावर गाद्यांचा ढीग. रोजच्या दिवसांना कुणी विचारत नाही. वर्षातल्या एका दिवसाच्या धास्तीनं सगळी खरेदी.

"अगं, वाटेत घाट आहे," हे मलाच समजावत होते. बोट अखेर दोन मोटरी आणि मोठ्या बॅटरीवर टेकलं. विक्रेत्यानं लगेच पेन पुढे केलं.

चार वर्षं आम्ही देवाला गेलेलो नाही. जुन्या गाडीत डिझेल भरपूर असायचं.

सही झाल्यावर मी विचारलं, "मग जायचं कधी?"

"बघू," हे म्हणाले, "सवड झाली की."