शिळं पाणी
नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या पावडरचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. रिहे गावातल्या एका फार्महाऊसवर आई कामाला होती, तिथल्या गोल्डफिशची काचेची टाकीही तीच सांभाळायची. दर रविवारी ती थोडंच पाणी बदलायची, तेही पावडर उडून जावी म्हणून दिवसभर बादलीत उघडं ठेवलेलं. एका रविवारी पाहुणे आले होते. मालकीणबाईंनी ती बादली पाहिली. "माशांना शिळं पाणी? आपण पितो का?" म्हणत त्यांनी ती मोरीत ओतली, टाकी रिकामी केली आणि नळाची नळी थेट आत सोडली. "बाई, त्यास्नी शिळंच लागतंय," आई चुलीपासून म्हणाली. "तू मला शिकवू नकोस." जेवणं होईपर्यंत केशरी मासे पोटं वर करून तरंगत होते. बाई पाहुण्यांना म्हणाल्या, "हिने साबणाचे हात घातले असणार." आईने पिठाने भरलेले हात त्यांच्यापुढे धरले. "घ्या वास. सकाळपासनं भाकरीच थापतीया." कुणी वाकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आईचं काम बंद झालं. बाईंनी नळी सोडली तेव्हा मी दारातच उभी होते, सगळं पाहत होते. त्यांनी आईवर आळ घेतला तेव्हा न बोललेलं वाक्य आज लिहिते: बाई, पाणी तुम्ही बदललंत.